उजव्या कडेचं बटण

माझ्या लॅपटॉपचं चालू-बंद करायचं बटण कीबोर्डवर नाही, उजव्या कडेला आहे. तुरीच्या दाण्याएवढं. लॅपटॉप चालू असला की त्यात बारीक पांढरा दिवा लागतो. झाकण मिटलेलं असलं तरी ते बटण बाहेरच राहतं. असं का केलं ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला हा जुना लॅपटॉप मी घेतला तेव्हा त्या बटणाकडे नीट पाहिलंही नव्हतं. पुढे त्याच बटणानं माझा एक अख्खा आठवडा खाल्ला, आणि त्या आठवड्यात ज्या माणसाला नीट विचारायला हवं होतं त्याला सोडून मी बाकी सगळ्यांना विचारत बसले.

आधी घरातलं सांगते. आम्ही दोघंच, बाबा आणि मी. परळला चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आईला जाऊन सहा वर्षं झाली. बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. मागाला गिरणीत साचा म्हणत. साचा बिघडायच्या आधी त्याच्या आवाजावरून यांना कळायचं, असं त्यांच्या बरोबरीचे लोक अजून सांगतात. गिरणी बंद पडल्यावर बाबा एका इमारतीत वॉचमन म्हणून बसले, आणि तेव्हापासून त्यांनी घरातल्या मिक्सरलाही हात लावला नाही. पंखा दुरुस्त करणारा आला की उठून गॅलरीत जायचे. साचे गेले तसा हात गेला, असं एकदा म्हणाले होते. त्यावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

मी पंधरा वर्षं एका कंपनीत संगणकावर पुस्तकांची पानं लावायचं काम केलं. दीड वर्षापूर्वी राजीनामा दिला आणि तेच काम घरी सुरू केलं. घरी पानं लावायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि फणसवाडीतल्या छापखान्यात नेऊन द्यायची. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. ‘बरां’ म्हणाले आणि भातावर ताक वाढून घेतलं. त्यापुढे चांगलं नाही की वाईट नाही. गिरणी गेलेल्या माणसाच्या मुलीनं आपण होऊन पगारावर पाणी सोडावं, हे त्यांना पटलं नसणार असं मी धरून चालले. विचारलं नाही. ते विचारत नाहीत, मी विचारत नाही, एकाच माळेचे मणी.

लॅपटॉप जुना, म्हणून विंडोजऐवजी त्याला झेपेल असं लिनक्स त्यावर घातलं. पण खरं कारण माझा स्वभाव. मला कुठलीही गोष्ट आतून कशी चालते ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि लिनक्स बघू देतं. काय घडलं, किती वाजता घडलं, कोणाच्या सांगण्यावरून घडलं, सगळं कुठल्या ना कुठल्या फायलीत लिहिलेलं असतं. वाचायची चिकाटी हवी. ती माझ्याकडे आहे, माणसांच्या बाबतीत सोडून.

अगदी पहिल्या आठवड्यापासून या लॅपटॉपला एक खोड होती. रात्री मी तो नीट बंद करून झोपायची आणि सकाळी आठला उठून पाहिलं तर तो चालू. झाकण मिटलेलं, कडेचा दिवा लागलेला, अंग गरम आणि बॅटरी उतरलेली. बाबा रात्री घरातले सगळे प्लग बंद करतात, त्यामुळे चार्जरचाही आधार नसायचा. मी जगभरच्या लोकांना विचारलं. कोणी म्हणालं नेटवर्क त्याला उठवत असेल, कोणी म्हणालं आतलं घड्याळ उठवत असेल. मी एकेक वाट बंद करत गेले. तरी सकाळी दिवा लागलेलाच. शेवटी बॅटरीवर संशय घेऊन लॅमिंग्टन रोडवरून नवी आणून बसवली. चोर सोडून संन्याशाला फाशी. नव्या बॅटरीनंही काही फरक पडला नाही, तेव्हा मी तो नाद सोडला.

मग यंदा वहीचं काम निघालं. बाबांच्या भजनी मंडळाची एक जुनी वही आहे, तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातची. त्यातले दोघं आता नाहीत. पानं पिवळी पडून कडांना तुटायला लागली आहेत. मंडळाच्या बुवांना आता एकाच डोळ्यानं दिसतं, तेही अंधुक. वही मोठ्या अक्षरात छापून मिळाली तर अजून चार वर्षं गाईन, असं ते बाबांना म्हणाले. मी टाइप करायला बसले, पण त्या अक्षरातलं निम्मं मला लागेना. कुठे अर्धीच ओळ, कुठे पुढच्या कडव्यासाठी नुसती खूण. वाचू शकणारे बाबाच. मी सहज म्हटलं, मग तुम्हीच करा की टाइप. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. दोन दिवसांनी सकाळचा चहा पिताना म्हणाले, दाखव.

मी बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. त्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसून, एका बोटानं, त्यांनी एक अख्खं भजन उतरवलं. दीड तास लागला. शेवटची ओळ झाली तेव्हा त्यांनी ती वाचली, मग मान मागे नेऊन पुन्हा वाचली, आणि मला म्हणाले की रोज एक झालं तर गणपतीच्या आत होईल. इतक्या वर्षांत त्यांना कुठल्या यंत्राकडे असं बघताना मी पाहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला, आणि तो मी नेहमीप्रमाणे भांडी घासत दाबून टाकला.

ठरलं असं की मी अकराला फणसवाडीला निघायचं, जाताना त्यांच्यासाठी फाइल उघडून ठेवायची, आणि मी तीनला परत येईपर्यंत त्यांनी लिहायचं. पहिल्या दिवशी आले तर लॅपटॉप बंद आणि बाबा गॅलरीत पेपर वाचत बसलेले. काय झालं विचारलं तर म्हणाले, आज जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. यंत्र बंद पडलं, चालू केलं तरी पासवर्ड मागणार, आणि तुझ्या कामाचं ते कशाला उघडू, म्हणून बसून राहिलो, असं त्यांनी खोदून विचारल्यावर सांगितलं. मी पासवर्ड लिहून देते म्हटलं तर नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा वही तिच्या फडक्यात गुंडाळून, गाठ मारून, देवाच्या फळीवर ठेवलेली होती.

“रविवारी वही बुवांका परत देतंय,” ते म्हणाले. “माझ्यान होवचा नाय.”

तो बुधवार होता. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते. वही परत गेली असती तर तीही कुठे तरी वाया गेली असती, पण मला खरी भीती निराळीच होती. एवढ्या वर्षांनी बाबांनी यंत्राला हात लावला होता. आता तो मागे घेतला तर पुन्हा कधी पुढे येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यांची मुलगी आहे, मीही तेच केलं असतं.

लिनक्सची एक नोंदवही असते, तीत सगळं टिपलेलं सापडतं. ती उघडली. सोमवार, अकरा वाजून बावीस मिनिटं: पॉवर बटण दाबलं गेलं. पुढच्या काही सेकंदांत सगळं आवरून यंत्र बंद. मंगळवारी अकरा एकोणीस, बुधवारी अकरा पंचवीस. तिन्ही दिवस तीच ओळ. यंत्र आपोआप बंद पडत नव्हतं, कोणी तरी त्याला बंद करत होतं. मी बाबांना विचारलं, तुम्ही बटण दाबता का? त्यांनी ठाम सांगितलं, बटण मी दाबलं नाही. बाबा खोटं बोलत नाहीत. नोंदवहीही बोलत नाही. दोघांत खरं कोणाचं मानावं हा माझ्यापुढे प्रश्न पडला, आणि मी सरळ तिसऱ्यावरच ढकललं: बटणच खराब असणार.

मागचे स्क्रू काढले, स्पिरिटच्या कापसानं बटणाची जागा पुसली, पुन्हा बसवलं. बटण झिजून इतकं हलकं झालं होतं की बोट टेकलं तरी कट् व्हायचं, पण आपोआप दाबलं जात नव्हतं. लॅपटॉप हलवून पाहिला, टेबलावर हलकेच आपटूनही पाहिला. काही नाही. गुरुवारी बाबांना हातापाया पडून परत बसवलं, मी गेले, आले. बंद. नोंद: अकरा वाजून एकवीस मिनिटं.

आता बटणाचं म्हणणंच ऐकायचं नाही, असं शुक्रवारी ठरवलं. लिनक्सच्या पोटात एक छोटी फाइल असते, तीत लिहिता येतं की बटण दाबलं तर दुर्लक्ष कर. तसं लिहिलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, मोठ्या आत्मविश्वासानं बटण दाबलं. बंद. पुन्हा फाइल तपासली, एकही अक्षर चुकलं नव्हतं. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद. मी चिडून पाणी प्यायले. मग खूप वाचल्यावर एक आज्ञा सापडली, बटणाची जबाबदारी सध्या कोणाकडे आहे ते सांगणारी. ती दिली तर उत्तर आलं की पडद्यावरचा, वीज वाचवायचं बघणारा एक प्रोग्राम आहे, त्यानं केव्हाच सांगून ठेवलंय की बटणाचं मी बघतो. घरात दोन कारभारी, आणि मी ज्याला सांगत होते त्याला कोणी विचारतच नव्हतं.

त्या दुसऱ्या कारभाऱ्याच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे स्वच्छ लिहिलेलं: बटण दाबल्यास, न विचारता बंद करा. आणि मग मला आठवलं. हे मीच केलं होतं. दीड वर्षापूर्वी, पहिल्याच दिवशी. बटण दाबलं की ‘नक्की बंद करायचं का?’ अशी चौकट यायची, तिचा मला राग आला होता. मला कोणी नक्की का विचारलेलं खपत नाही. तेव्हा ठणकावून सांगितलं होतं, विचारत बसू नकोस. बिचारं यंत्र माझीच आज्ञा पाळत होतं.

तिथल्या तिथे ‘काहीही करू नका’ निवडलं असतं तर विषय मिटला असता. ते मी केलं नाही. मला हे कबूल करायला लाज वाटते, पण तेव्हा बाबांपेक्षा मला कोडं मोठं वाटत होतं. बटण दाबलं जातं हे कळलं, मग काय होतं तेही कळलं, पण दाबतं कोण? सेटिंग बदललं तर ते कधीच कळणार नाही. रविवारला अजून एक दिवस होता. मी एक दिवस घेतला.

शनिवारी अकराला फाइल उघडून ठेवली, बाबांना शेवटचं एकदा बसा म्हणून गळ घातली, आणि पेनड्राइव्ह मुद्दाम टेबलावर विसरून खाली उतरले. दहा मिनिटं कोपऱ्यावरच्या केळीवाल्याशी उगाच भाव केला. मग वर येऊन गॅलरीत आमच्याच खिडकीपाशी चोरासारखी उभी राहिले. शेजारच्या काकी कपडे वाळत घालत होत्या. किल्ली विसरलीस का गो, म्हणाल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. त्याही कपडे टाकून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

बाबा मोरीतून हातपाय धुऊन आले. टॉवेलला हात पुसले. बनियनवर धुतलेला शर्ट चढवला आणि सगळी बटणं लावली. फळीवरची वही काढून गाठ सोडली. खुर्चीवर बसले, आणि बसल्या बसल्या उजव्या हाताची बोटं लॅपटॉपच्या उजव्या कडेला, नेमकी त्या दिव्यावर टेकवली, मग कपाळाला लावली, मग छातीला. बोटं छातीवर पोचेपर्यंत पडदा काळा झाला होता.

त्यांनी हात समोर धरला. तळवा पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि शर्टाला पुसला. मग वहीचं फडकं ओढून घेतलं आणि गाठ मारायला लागले. पाच दिवस मी यंत्राची उलटतपासणी घेत होते, आणि हा माणूस पाच दिवस स्वतःच्या हाताची घेत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून दाखवली होती. तिचा अर्थ मला त्या खिडकीपाशी कळला. काकी कपड्यांकडे परत गेल्या.

मी आत गेले. बाबा दचकले, पेनड्राइव्हकडे बोट दाखवून म्हणाले, तो बघ विसरलीस. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

“बाबा, तिथेच का हात लावता?”

ते ओशाळले. मी शेजारी होते म्हणूनच पहिल्या संध्याकाळी त्यांनी हात लावला नव्हता, हे मला तेव्हा समजलं.

“सवय गो बाय. साच्याच्या मुठीक हात लावल्याबिगर पाळी कधी सुरू केलंय नाय. यंत्र जंयसून सुरू होता, थंय पाया पडायचा.”

म्हणजे ते खोटं बोलले नव्हते. बटण त्यांनी दाबलं नव्हतं. ते पाया पडले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बटण झिजलंय, बोट टेकलं तरी दाबलं जातं, आणि दाबलं की न विचारता बंद हो असं मीच त्याला सांगून ठेवलंय. चूक माझी आहे. त्यांच्यादेखत लॅपटॉप चालू करून सेटिंग बदललं. काहीही करू नका. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. आता लावा हात, म्हटलं.

ते लावेनात. पुन्हा बंद पडला तर, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग एकदा दोन बोटं पुढे केली आणि टेकवली. कट् झालं. पडदा तसाच उजळ राहिला. त्यांनी पुन्हा टेकवली. तिसऱ्यांदा टेकवली, आणि मग कपाळाला नेली. नोंदवहीत त्या मिनिटाला बटण दाबल्याच्या तीन ओळी आहेत, आणि त्यांच्यापुढे काहीही घडल्याची नोंद नाही.

मला वाटलं आता लिहायला घेतील. पण ते दिव्याकडे बघत राहिले.

“मग सकाळी कसो लागता?”

“सकाळी कुठे?”

“सकाळी हात लावलंय काय दिवो लागता. दुपारी बसलंय काय विझता.” त्यांनी वहीचं पान उघडलं. “म्हटला, तुझा काम तेका चलता. माझा नाय चलत.”

त्यांनी एका बोटानं पहिलं अक्षर शोधलं. त्या दुपारी मी फणसवाडीला गेले नाही, छापखान्यातून दोन फोन आले ते घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत दोन भजनं झाली.

रविवारी बाबा वही घेऊन बुवांकडे गेले, परत करायला नाही, एका कडव्यातला अडलेला शब्द विचारायला. घरात मी एकटी होते. यंत्र आजवर केव्हा केव्हा सुरू झालं त्याची यादी लिनक्समध्ये मिळते. बंद यंत्राला कोणी उठवलं हे त्यात नसतं, कारण बंद यंत्राला ते कळत नाही. म्हणून मी ती यादी या कामासाठी कधी बघितलीच नव्हती. आता उघडली.

पाच बावन्न. पाच एकोणपन्नास. पाच चोपन्न. पाच पन्नास. पहिल्या पाळीला जायचे तेव्हापासून बाबांची आंघोळ आणि देवपूजा साडेपाच ते पावणेसहात उरकते, ती सवय आजही मोडलेली नाही. मी यादी वर सरकवत गेले. मागचा महिना, त्याच्या मागचा, दिवाळी, गणपती. शिमग्याला ते गावी गेले ते आठ दिवस त्या वेळेची ओळ नाही. ताप आला होता ते तीन दिवस नाही. बाकी एकही सकाळ चुकलेली नाही.

सगळ्यात वर, अगदी पहिल्या ओळींत, एक सोमवार होता. पाच सत्तेचाळीस. राजीनाम्यानंतरचा तो पहिला सोमवार, माझ्या घरच्या कामाचा पहिला दिवस. मला तो नीट आठवतो. रात्रभर घाबरून कूस बदलत होते, पहाटे डोळा लागला, आणि आठला उठले तेव्हा बाबा पेपर वाचत होते. चहा घे, एवढंच म्हणाले होते. त्याच्या दोन तास आधी, मी झोपलेली असताना, देवांपाठोपाठ ते माझ्या टेबलापाशी येऊन गेले होते, आणि झाकण मिटलेल्या लॅपटॉपच्या पाया पडून गेले होते. मी दीड वर्ष समजत होते की त्यांनी ‘बरां’च्या पुढे काही म्हटलंच नाही.

बंद असताना बटण दाबलं तर काय करायचं, हे लिनक्सला सांगता येत नाही. ते तेव्हा जागं नसतं. दुसरा काही उपाय असेलही. मी शोधला नाही, आणि माझ्यासारखीनं शोधला नाही यावरून काय ते समजावं. वही गणपतीच्या आत झाली. बाबांनी त्यानंतर मंडळाचा जमाखर्च लिहायला घेतला आहे आणि एका बोटाची आता दोन बोटं झाली आहेत. सकाळच्या गोष्टीबद्दल आम्ही बोललो नाही. रात्री मी काम संपलं की लॅपटॉप बंद करते, झाकण मिटते, आणि उजवी कड देवाच्या फळीच्या बाजूला येईल असा फिरवून ठेवते. प्लग बाबा बंद करतात.